हँडओव्हरमध्ये काय बोललं जातं ते आधी ऐका

पुण्यात घरगुती शुश्रूषेचा ब्युरो चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्याकडे चाळीसेक केअरटेकर आहेत. एका निवृत्त प्राध्यापकांकडे ड्युटी लागली. वय ७४, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले. सोबत त्यांचे मित्र राहतात, तीसेक वर्षांपासून. हे दोघं जोडीदार आहेत असं लक्षात आल्यावर आठवड्याभरात दोन ब्रदर, म्हणजे पुरुष केअरटेकर, ड्युटी सोडून गेले. तिसरा टिकला आहे, पण टोमणे मारतो. ताईंनी एका डॉक्टरांना बोलावून दोन तासांचं व्याख्यान ठेवलं, स्लाइड्स झाल्या, चहा-सामोसे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जैसे थे. त्यांचे प्रश्न दोन: नेमकं शिकवायचं काय? आणि पेशंट घेताना फॉर्ममध्येच हे विचारून घ्यावं का?

ताई, तुम्ही दोन ब्रदर गेल्यावर पेशंट सोडला नाहीत, उलट विचारायला आलात. त्यामुळे मी मोकळेपणाने आणि जरा लांबण लावून लिहिते. मी चौतीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची अकरा केअरटेकर मुलामुलींना शिकवण्यात.

आधी माझी स्वतःची गोष्ट, कारण मी हे शिकले ते चुकून. मी वॉर्ड सिस्टर होते तेव्हा एक साठीचे गृहस्थ अत्यवस्थ होऊन आले. सोबत त्यांच्याच वयाचे एक जण. मी विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" ते म्हणाले, "मित्र." मी म्हटलं, "मग घरच्यांना बोलवा, आत फक्त नातेवाईक." ते काही बोलले नाहीत. दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होते, पायाशी कापडी पिशवी, तिच्यात थर्मास आणि टॉवेल. तिसऱ्या दिवशी नागपूरहून पुतण्या आला. डॉक्टरांनी त्याला विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? त्याला काहीच माहीत नव्हतं. मग बाकावरचे गृहस्थ उठले आणि खिशातून वहीच्या पानाची घडी काढली. सात गोळ्यांची नावं, वेळा, कुठली उपाशीपोटी, कुठलीने चक्कर येते, सगळं बारीक अक्षरात. रक्त पातळ करणारी गोळीही त्यात होती. दोन दिवस ते पान माझ्यापासून पंधरा पावलांवर होतं. मी कुणाचा द्वेष केला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. नियमाप्रमाणे वागले होते.

म्हणून सांगते, तुमचं व्याख्यान वाया का गेलं. त्यात व्याख्या असणार: समलिंगी म्हणजे काय, उभयलिंगी म्हणजे काय, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) म्हणजे काय. व्याख्या कळल्याने हात बदलत नाही. शुश्रूषेतला भेदभाव शिवीगाळ करून येतो तो फार क्वचित. तो टाळाटाळ होऊन येतो. डायपर पाऊण तास उशिरा बदलला जातो. वीस-पंचवीस मिनिटांचं स्पंजिंग आठ मिनिटांत उरकतं आणि पाठ कोरडीच राहते. दर दोन तासांनी कूस बदलायची ती रजिस्टरमध्ये बदललेली असते, पलंगावर नसते. कुणी काही वाईट बोललेलं नसतं, पण माकडहाडावर लाल चट्टा उमटतो, बेडसोरची सुरुवात. मी तपासायला जाते तेव्हा पहिल्यांदा तो चट्टा बघते, मग माणसांशी बोलते.

प्रशिक्षणाची सुरुवात मी एका प्रश्नाने करते, आणि त्यासाठी पूर्ण तास ठेवते. खोलीत बारा-पंधरा जणच हवेत, चाळीस नकोत. जमिनीवर गोल बसायचं. प्रश्न असा: "तुम्हाला कुठल्या घरात वेगळा कप मिळाला?"

पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग एखादी मावशी बोलते. बीडकडून आलेली, नवऱ्याने टाकलेली, बारा तासांची ड्युटी करणारी. ती सांगते की पेशंटच्या आईचं शी-शू तिने काढलं, पण तिचा चहाचा कप बेसिनखाली ठेवलेला असायचा, आणि संडास वापरायचा तर खाली वॉचमनचा. दुसरी सांगते, आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी ब्युरोला फोन गेला, "दुसरी बाई पाठवा." एक ब्रदर सांगतो, दारातून आत घेताना घरच्यांनी कपाटाला कुलूप घातलं, त्याच्या डोळ्यांदेखत. या तासाला मी काहीही शिकवत नाही. फक्त विचारते, तेव्हा पोटात काय झालं? त्या दिवशी काम कसं झालं? मग फळ्यावर त्यांचेच शब्द लिहिते: कप, संडास, आडनाव, कुलूप. आणि त्याखाली त्यांनीच पेशंटबद्दल बोललेले शब्द, जे मी आदल्या आठवड्यात ड्युटीवर ऐकलेले असतात: "तसला", "त्यांचं ते काहीतरी", "हात लावताना कसंतरी होतं". कोण बोललं ते सांगायचं नाही. दोन्ही यादी शेजारी दिसतात. त्यांना शब्दाने काही समजावून सांगावं लागत नाही. जातीचा आणि गरिबीचा विटाळ ज्यांनी सोसला आहे, त्यांना दुसऱ्याचा विटाळ ओळखता येतो. फक्त कुणीतरी तो त्यांच्या अनुभवाशी जोडून द्यावा लागतो. हे स्लाइडवर होत नाही.

एक अट मात्र पाळा. त्या खोलीत जे निघेल, म्हणजे कुठल्या घरी वेगळा कप आहे, त्यावर तुम्ही मालक म्हणून काहीतरी केलं पाहिजे. त्या घराला फोन करून सांगितलं पाहिजे. मुलींचा अपमान तुम्ही गिळायला लावता आणि त्यांनी पेशंटचा मान राखावा म्हणता, हे चालणार नाही.

आता भाषा. आपल्या मराठीचं एक वैशिष्ट्य आहे, त्याचा फार उपयोग होतो. समोरच्याशी 'तुम्ही' म्हणून बोललं की क्रियापद बाईला आणि पुरुषाला सारखंच लागतं. "जेवलात का? झोप लागली का? बसता का जरा?" यात चूक होतच नाही. चूक होते पाठ वळली की. सकाळी आठला पाळी बदलते, म्हणजे हँडओव्हर होतो, दोन मावश्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहतात आणि एक दुसरीला सांगते, "रात्री दोनदा उठला, आता झोपला." ज्यांच्याबद्दल हे चाललंय त्या पारलिंगी पेशंट चाळीस वर्षं बाई म्हणून जगलेल्या. झोपलेल्या नसतात, ऐकत असतात. म्हणून मी नेहमी म्हणते, हँडओव्हरमध्ये काय बोललं जातं ते आधी ऐका. तोंडावर सगळे गोड बोलतात, खरं वागणं तृतीयपुरुषात कळतं.

याचा सराव घ्यावा लागतो, नुसतं सांगून होत नाही. जोड्या करा. एकीने दुसरीला खोट्या पेशंटचा हँडओव्हर द्यायचा, "त्या उठल्या, त्या चिडल्या, त्यांनी पाणी घेतलं," तोंडात बसेपर्यंत, दहा-दहा वेळा. 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' हे दोघांनाही चालतं, म्हणून काही हुशार मुली सगळं वाक्य तेवढ्यावरच फिरवतात आणि 'ते' की 'त्या' हा निर्णयच टाळतात. पहिल्या दिवशी ठीक आहे. पण ती पळवाट होऊ देऊ नका. त्या बाईंनी 'त्या' म्हणून हाक ऐकायला आयुष्य घालवलंय. जीभ घसरली तर "चुकलं, त्या" एवढं म्हणून पुढे जायचं. पाया पडून, रडून माफी मागायची नाही. नाहीतर पेशंटलाच तुमची समजूत काढत बसावी लागते.

नात्याची हाक तर त्याहून नाजूक. आपल्याकडे केअरटेकर नावाने हाक मारत नाहीत, आजोबा, आजी, काका, मावशी म्हणतात. चांगलीच पद्धत आहे. पण ती हाक कुठली, हे पहिल्या दिवशी विचारायचं: "मी तुम्हाला काय म्हणू?" तृतीयपंथीयांच्या घराण्यातल्या कुणाला 'अम्मा' हवं असेल, कुणाला 'गुरू', कुणाला 'आक्का'. तुमच्या प्राध्यापकांना कदाचित 'सर'च हवं असेल. आणि त्यांच्या सोबतच्यांना काय म्हणायचं हेही विचारा. त्यांना 'ते मित्र' किंवा 'दुसरे काका' म्हणत राहिलात तर त्यांना घरातच पाहुणं केल्यासारखं होतं.

जोडीला ओळखीचं बोलणं. आपली माणसं घरात शिरल्या शिरल्या विचारतात, "मिसेस नाहीत का? मुलं किती? बाहेरगावी असतात का?" विचारणारीचा हेतू चांगला असतो. पण ज्या माणसाने आयुष्यभर याच प्रश्नाला खोटं उत्तर दिलंय, त्याला अंथरुणात पडल्यावर पुन्हा खोटं बोलावं लागतं. "घरी सोबत कोण असतं?" एवढं पुरतं. तुमचे प्राध्यापक ज्या काळात जगले तो डोळ्यांसमोर ठेवा. कलम ३७७ इंग्रजांच्या १८६०च्या दंड संहितेतलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये ते सैल केलं, डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ला संमतीच्या संबंधांपुरतं ते अखेर रद्द झालं. म्हणजे त्यांची जवळजवळ सगळी नोकरी हे प्रेम गुन्हा असतानाच झाली. त्यांनी तुमच्या माणसांना "हा माझा मित्र" म्हटलं तर ते लपवाछपवी करत नाहीयेत. ती जन्माची सवय आहे, आणि ती त्यांनी सोडायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं.

शरीराच्या कामांकडे येते. इथे जास्त वेळ द्या, कारण भीती इथेच असते.

एक ड्युटी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. साठी उलटलेल्या एक तृतीयपंथी बाई, उजवा हात पक्षाघाताने गेलेला. आयुष्यभर रोज पहाटे स्वतःच्या हाताने हनुवटी गुळगुळीत केलेली, आता चार दिवसांचे पांढरे खुंट वाढलेले. केअरटेकर मुलगी नवीन. तिने सरळ विचारलं, "आजोबा, दाढी करायची का?" बाईंनी डाव्या हाताने पदर तोंडावर ओढला तो दुपारी जेवणालाही बाजूला केला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी एक जुनी मावशी गेली. तिने कोमट पाणी आणलं, टॉवेल गळ्याभोवती घातला आणि म्हणाली, "आक्का, तोंड धुऊन देते, चेहरा नीट करून देते, मग तुमची माणसं येतील." साबण लावला, केसांच्या दिशेने हलक्या हाताने पातं फिरवलं, ओठाच्या वर बोटाने कातडं ताणून. पुसून पावडर लावली आणि हातात आरसा दिला. टिकलीचं पाकीट उशाशी होतं, त्यातली टिकली बाईंनी स्वतः डाव्या हाताने लावली, जरा तिरकी. मावशीने ती सरळ केली नाही. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. हे मी वर्गात करून दाखवते, कारण हे कौशल्य आहे. कुठल्याही पुस्तकी अभ्यासक्रमात बाईच्या हनुवटीची दाढी कशी करायची हे नसतं.

पारलिंगी पेशंटचं शरीर कसं असेल याची कल्पना आधी द्या, म्हणजे डायपर उघडल्यावर केअरटेकरचा चेहरा बदलणार नाही. तो बदललेला चेहरा पेशंट आयुष्यभर विसरत नाही. निर्वाण, म्हणजे तृतीयपंथीयांमध्ये पुरुषाचं जननेंद्रिय काढून टाकणं, झालेलं असेल तर लघवीची जागा नेहमीसारखी नसते, ती अरुंद झालेली असू शकते. कॅथेटर घालणं केअरटेकरचं काम नाहीच, ते नर्स-डॉक्टरांचं. पण धार बारीक झाली, लघवी तुंबली, ताप आला तर लगेच कळवायचं. प्रोस्टेट शरीरात असतेच, हे डॉक्टरांनाही कधी कधी आठवण करून द्यावं लागतं. पुष्कळ जणींनी तरुणपणी डॉक्टरांशिवायच, औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून हार्मोन म्हणून घेतलेल्या असतात. या हार्मोनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. अजूनही कुणी ते घेत असेल तर गोळ्यांच्या यादीत ते यायला हवं, आणि एकाच पायाला सूज नि दुखणं दिसलं तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बघायला दुसरीला बोलवायचं नाही. "ये गं, बघ जरा" हे शब्द ज्या दिवशी ऐकू येतील त्या दिवशी ती ड्युटी बदला.

एचआयव्हीची भीती सगळ्यांच्या मनात असते, कुणी बोलत नाही. तुम्ही स्वतः काढा विषय. स्पर्शाने, घामाने, ताट-वाटीने तो पसरत नाही. रक्त आणि जखमेच्या स्रावासाठी जी काळजी घ्यायची ती प्रत्येक पेशंटला सारखीच, मग तो कुणी का असेना. वर्गात मी विचारते, "केस विंचरताना हातमोजे घातलेस? का?" डायपरला हातमोजे सगळ्यांना, केसांना कुणालाच नाही. दोन-दोन जोड एकावर एक चढवलेले पेशंटला दिसतात. आणि कुणाला एचआयव्हीची रात्रीची गोळी चालू असेल तर रजिस्टरमध्ये गोळीचं नाव आणि वेळ, त्यापलीकडे चर्चा नाही. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय ही माहिती फोडायला मनाई आहे. शेजाऱ्यांना नाही, पुतण्यालाही नाही.

उलटा भेदभावही असतो, तो कुणी भेदभाव म्हणून ओळखत नाही. तृतीयपंथी बाईंकडे ड्युटी लागली की काही मावश्या हात जोडतात. "आशीर्वाद द्या, माझ्या लेकीला मूल होऊ दे." किंवा शापाच्या भीतीने त्या म्हणतील ते सगळं करतात, साखर वाढलेली असताना पेढाही देतात. ती अंथरुणातली आजारी बाई आहे, तिच्याकडून नवस फेडून घ्यायचा नाही. तिला औषध वेळेवर द्यायचं, आणि पेढा नको म्हणायचं, जसं तुमच्या आजीला म्हणाल तसं. जोगत्याकडे, म्हणजे यल्लमा देवीला वाहिलेल्या पेशंटकडे, उशाशी देवीची परडी असेल तर मात्र विचारल्याशिवाय हलवायची नाही, स्पंजिंगला जागा हवी असली तरी.

जागेवरून आठवलं. दोन म्हाताऱ्या मैत्रिणी, दोघी निवृत्त शिक्षिका, सगळी सोसायटी त्यांना बहिणी समजायची. एकीचं खुब्याचं ऑपरेशन झालं. केअरटेकरने कामाला सोपं म्हणून जोडलेले दोन पलंग ओढून वेगळे केले, मध्ये कमोडची खुर्ची ठेवली. काम झाल्यावर परत जोडले नाहीत. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही, करणार तरी कशी? मी तपासायला गेले तेव्हा फरशीवर पलंगाच्या पायांच्या जुन्या खुणा दिसल्या, जोडून असलेल्या. काम झालं की वस्तू जिथे होती तिथे परत, हा नियम आपण डब्या-बाटल्यांना लावतो, पलंगालाही लावायचा. स्त्री-जोडप्यांकडे टोमणे कमी येतात. त्यांचं नातं कुणाला दिसतच नाही, म्हणून त्यांना अशा तऱ्हेने वेगळं केलं जातं.

तुमचे दोन ब्रदर का गेले याचा मला अंदाज आहे. "रात्री एकटं राहायचं नाही." त्यांना भीती ही की पेशंट अंगाला हात लावेल, किंवा गावाकडे कळलं तर लोक आपल्यालाही तसंच समजतील. पहिल्या भीतीला हसू नका, आणि ती खरीही मानू नका. पक्षाघाताने अर्ध अंग गेलेला ७४ वर्षांचा माणूस तुमच्या पंचविशीतल्या पोराला काय करणार, हा युक्तिवाद करता येतो, पण त्याने भीती जात नाही. नियमाने जाते. नियम असा: कुठल्याही पेशंटकडे, कुठल्याही घरी, कुणी गैर हात लावला, तर सुपरवायझरला त्याच रात्री फोन, आणि ब्युरो केअरटेकरच्या बाजूने उभा राहील. मावश्यांना विचारा, असा त्रास त्यांना किती 'सभ्य, कुटुंबवत्सल' आजोबांकडून झाला आहे. त्या सांगतील. २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा खासगी घरालाही कामाचं ठिकाण मानतो, पण तो फक्त महिलांना लागू आहे. ब्रदरसाठी नियम तुम्हालाच करावा लागेल. सगळ्यांना एकच नियम आहे हे दिसलं की 'तसल्या' पेशंटची वेगळी भीती उरत नाही. दुसऱ्या भीतीला, म्हणजे लोक काय म्हणतील याला, उत्तर सहकाऱ्यांकडूनच मिळतं. एखादा जुना, मानाचा ब्रदर ती ड्युटी स्वतः मागून घेतो तेव्हा बाकीचे गप्प होतात. असा एक शोधा, त्याला आधी तयार करा.

एवढं करूनही कुणी म्हणालाच, मी अशा पेशंटला हात लावणार नाही, तर? मी त्याला पेशंटकडे जबरदस्तीने पाठवत नाही, कारण शिक्षा पेशंटला होते. पण त्याला दुसरी सोयीची ड्युटीही देत नाही. पेशंट निवडण्याची मुभा जात बघून मिळत नाही, तशी हे बघूनही नाही, हे नेमणुकीच्या कागदावर लिहून घ्या.

तुमचा दुसरा प्रश्न, फॉर्मचा. "तुम्ही समलिंगी आहात का?" हे विचारू नका. उत्तर खोटं मिळेल आणि विश्वास जाईल. चार गोष्टी विचारा, सगळ्यांना, अगदी सदाशिव पेठेतल्या सोवळ्या आजींनाही: तुम्हाला काय हाक मारू? आजारपणात कुणाला विचारून ठरवायचं, तुमचं सगळ्यात जवळचं कोण? भेटायला कोण आलेलं चालेल, कोण नको? अंघोळीला बाई हवी की पुरुष, आणि शरीराबद्दल आधी काही सांगून ठेवायचं आहे का? 'पती/पत्नीचे नाव' हा रकाना काढून टाका, तिथे 'सोबत राहणारी व्यक्ती' लिहा. ज्याला सांगायचं आहे त्याला यातच दार उघडं दिसतं.

आणि मिळालेलं उत्तर फोडू नका. ब्युरोंमधला सगळ्यात मोठा घात ड्युटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतो. "पेशंट पुरुष ७४, स्ट्रोक, कोथरूड, १२ तास" एवढं टाकायचं असतं, कुणीतरी खाली एक डोळा मारणारी खूण टाकतं आणि चाळीस फोनवर ती जाते. चाळीसातल्या कुणाची तरी बहीण त्याच सोसायटीत धुणीभांडी करते. ग्रुपवर वय, आजार, भाग, तास. बाकी फोनवर, फक्त त्या ड्युटीवर जाणाऱ्याला, आणि तेही पेशंटची हरकत नसेल तर.

स्मृतिभ्रंशाच्या पेशंटबद्दल दोन वाक्यं. लपवलेली गोष्ट लपवायची असते हेच त्यांना आठवेनासं होतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रियकराचं नाव बायको-मुलांसमोर घेतील, केअरटेकरला तोच समजतील. खोडून काढायचं नाही, "कोण हो तो?" म्हणून खोदायचं नाही, आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला सांगायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण केअरटेकरना ते फार लागत नाही, तुम्हाला लागतं. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९चा कायदा आरोग्यसेवेत भेदभाव करायला मनाई करतो, आणि तो खासगी संस्थांनाही लागू आहे. समलिंगी व्यक्तींसाठी खासगी सेवांना बांधणारा असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, म्हणून तुमच्या ब्युरोचा लेखी नियम हाच त्यांचा आधार. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे कागद करून ठेवावे लागतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात कुणालाही, नातेवाईक नसलेल्यालाही, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतं. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की जोडीदारासोबत संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, आणि जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा असंही राज्यांना कळवलं. प्राध्यापकांच्या घरी हे बोलायला वकील सुचवा, केअरटेकरने सल्ले द्यायचे नाहीत. तृतीयपंथी घराण्यात गुरू-चेला हेच नातं असतं. चेला आला तर "रक्ताचं कोण आहे?" असं दारात विचारायचं नाही.

बाहेरच्या देशांत हे काम जुनं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७८पासून सेज ही संस्था फक्त अशा ज्येष्ठांसाठी काम करते. कॅलिफोर्नियाने २००८मध्ये नर्सिंग होमच्या कर्मचाऱ्यांना असं प्रशिक्षण सक्तीचं केलं. इलिनॉयमधल्या एका ज्येष्ठ निवासात एका समलिंगी महिलेला इतर रहिवासी सतावत होते, तेव्हा २०१८मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की कळूनही गप्प बसल्यास व्यवस्थापन जबाबदार ठरू शकतं. आपल्या वृद्धाश्रमांना हे फार लागू पडतं, कारण तिथे त्रास कर्मचाऱ्यांपेक्षा शेजारच्या खाटेवरून जास्त येतो. आपल्याकडे मुंबईत समलिंगी-पारलिंगी लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४पासून आहे. तिथून किंवा पुण्यातल्या एखाद्या गटातून कुणी ज्येष्ठ बोलायला आले तर त्यांना बोलवा, मानधन द्या. तुमच्या प्राध्यापकांना मात्र "जरा आमच्या मुलांशी बोलता का" असं कधीही म्हणू नका. ते सेवेचे पैसे देतात, धड्याचा नमुना म्हणून नाहीत.

वेळेचं असं: एका दिवसात उरकू नका. दोन-दोन तासांच्या चार बैठका, पंधरा दिवसांच्या अंतराने, मधल्या काळात सुपरवायझरने ड्युटीवर जाऊन हँडओव्हर ऐकायचा. त्या तासांचा पगार द्या, साप्ताहिक सुटी खाऊ नका. फुकट घेतलेल्या प्रशिक्षणात माणसं घड्याळ बघत बसतात आणि राग पेशंटवर निघतो. आणि पहिल्या बैठकीला तुम्ही स्वतः जमिनीवर बसा, शेवटपर्यंत. फोन बाहेर ठेवून.

फरक पडला की नाही हे परीक्षा घेऊन कळत नाही. स्पंजिंगला लागलेली मिनिटं, डायपरच्या वेळा, पाठीची कातडी, आणि केअरटेकर पेशंटशी कामाशिवाय किती बोलतात, हे चार घरांत बघा. दोन 'तशी', दोन 'नेहमीची'. आकडे सारखे येऊ लागले की समजा.

या सोमवारी मात्र प्रशिक्षणाची वाट न बघता एवढं करा. त्या टोमणे मारणाऱ्या ब्रदरला आधी काढा, नवा माणूस घेऊन स्वतः त्या घरी जा. प्राध्यापकांना आणि त्यांच्या सोबतच्यांना एकाच वेळी, एकाच खोलीत सांगा की आमच्या माणसांकडून चुकीचं वागणं झालं, ते आमचं चुकलं. कारण विचारू नका, तुम्हाला काय माहीत आहे हेही सांगू नका. मग प्राध्यापकांची कूस बदलून पाठ स्वतः बघा. सोबतच्यांना विचारा की गोळ्यांची यादी त्यांच्याकडे आहे का. असणारच. ती फोटो काढून न घेता, त्यांच्यासमोर बसून, तुमच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या, आणि त्याच पानावर 'निर्णयासाठी संपर्क' या रकान्यात, प्राध्यापकांना विचारून, त्यांचं नाव लिहा.